घोड्याचे कुंपण : शब्द, वस्तू आणि निवड

नवी मुंबईच्या पाठीमागे पनवेल, उरण आणि कर्जत या बाजूंस शेतघरांच्या आवारात घोडे पाळलेले आढळतात. त्यांतील काही अश्वारोहण शिकविण्यासाठी, काही वरातीसाठी, तर काही केवळ हौसेखातर ठेवलेले असतात. घोडा दिवसभर ठाणावर बांधून ठेवणे त्याच्या पायांस, पोटास व स्वभावास सारखेच अपायकारक असल्यामुळे त्याला काही तास तरी मोकळे सोडावे लागते. आणि मोकळे सोडावयाचे म्हटले की कुंपणाचा प्रश्न उभा राहतो. याचे सहज सुचणारे उत्तर एकच असते : सिमेंटचे खांब उभे करावेत आणि काटेरी तारेचे चार-पाच पदर ओढावेत. हे उत्तर स्वस्त आहे, सवयीचे आहे, आणि घोड्याच्या बाबतीत चुकीचे आहे. ते चुकीचे का, आणि चुकीचे असूनही प्रथम तेच का सुचते, या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध दाखविणे व तदनुषंगाने योग्य आणि परवडणाऱ्या कुंपणाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाभ्यासाच्या पत्रिकेत कुंपणाची चर्चा कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी रूडोल्फ मेरिंगर, हूगो शूखार्ट प्रभृती अभ्यासकांनी असा आग्रह धरला होता की, शब्दाचा इतिहास वस्तूच्या इतिहासापासून तोडून लिहिताच येत नाही. १९०९ साली या दृष्टीचा पुरस्कार करणारे ‘शब्द आणि वस्तू’ अशा अर्थाच्या नावाचे जर्मन नियतकालिकही निघाले. मेरिंगरचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जर्मन भाषेत भिंतीस ‘वांट’ म्हणतात आणि हा शब्द वळणे, पिळणे, गुंफणे या अर्थाच्या ‘विंडन’ या क्रियापदाशी संबद्ध आहे. दगडविटांच्या भिंतीकडे पाहून या संबंधाचा उलगडा होत नाही. भिंती एके काळी डहाळ्या गुंफून करीत, हे कळले की होतो. कारवीचा कूड ज्याने पाहिला आहे अशा कोकणी माणसास हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कुंपणवाचक शब्दांचे अर्थ एका ठरावीक दिशेने सरकतात, असे अनेक भाषांत दिसते. आरंभी शब्द वेढणाऱ्या वस्तूचा असतो. पुढे तो वेढलेल्या जागेचा होतो. जर्मन ‘त्साउन’ म्हणजे कुंपण, त्याचाच सगोत्र डच ‘टॉइन’ म्हणजे बाग, आणि इंग्रजी ‘टाउन’ म्हणजे नगर. घोड्याच्या मोकळ्या आवारासाठी आपण आज ‘पॅडॉक’ हा शब्द सर्रास वापरतो; त्याचे जुने रूप ‘पॅरक’ असे होते आणि प्राचीन इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ कुंपण असाच होता. मराठीत हाच प्रवास संस्कृत ‘वाट’ या शब्दाने केला. वेढलेली जागा या अर्थापासून निघून तो ‘वाडा’ व ‘वाडी’ या रूपांनी घर, बाग आणि वस्ती इथपर्यंत पोहोचला. ‘वृ’ म्हणजे वेढणे, त्यापासून ‘वृति’, प्राकृतात ‘वइ’ आणि मराठीत ‘वई’, ही दुसरी परंपरा. मात्र वईने आपला मूळ अर्थ सोडला नाही. ती आजही काट्याकुट्यांची, झाडोऱ्याची, दरसाल नव्याने घालावी लागणारी आड आहे.

आता या शब्दसमूहातील प्रत्येक वस्तूचे प्रयोजन पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. वई, कुंपण, गडगा, बांधावरचा निवडुंग, शेराची रांग, यांपैकी जवळजवळ सर्वांचे काम बाहेरच्यास आत येऊ न देण्याचे आहे. आत पीक असते. बाहेर गुरे असतात. कुंपणाने शेत खाण्याची म्हण मराठीत रुजली ती यामुळेच : कुंपण हा शेताचा राखणदार आहे आणि राखणदार फिरला तर दाद कोणाकडे मागावयाची, असा तिचा रोख आहे. गुरांना आत ठेवण्याचे काम आपल्याकडे कुंपणाने क्वचितच केले. ते काम दावे, गोठा आणि गुराखी यांनी केले. गुरे बळाने कोंडण्याची जागा होती ती कोंडवाडा, आणि तीही शिक्षेची. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने पिकात शिरलेली जनावरे धरून कोंडवाड्यात नेण्याची तरतूद केली. या कायद्यातील गुरे या संज्ञेच्या व्याख्येत घोडा, घोडी, तट्टू, शिंगरू हेही समाविष्ट आहेत. कायद्याच्या सोयीसाठी हे ठीक आहे. मराठी बोलणारा मनुष्य मात्र घोड्यास गुरांत कधीही मोजणार नाही. गुरेढोरे म्हटले की गाय, बैल, म्हैस, रेडा. घोडा हे ‘जनावर’ आहे, परंतु ‘गुरू’ नव्हे.

हा भेद केवळ लकबीचा नाही. गुरांची आणि घोड्याची परिभाषा मराठीत दोन निरनिराळ्या घरांतून आली आहे. गोठा हा ‘गोष्ठ’ पासून, गव्हाण ही ‘गवादनी’ पासून. दावे, वेसण, शेण, कडबा हे सारे शेतकऱ्याच्या घरातले शब्द. घोड्याकडे वळावे तर लगाम, रिकीब, जीन, नाल, चाबूक, मेख असे फारसी-अरबी शब्द रांगेने उभे राहतात. पागा हा शब्द फारसी ‘पायगाह’ पासून आला, तर ‘तबेला’ हा अरबी ‘तवीला’ या शब्दाचे रूपांतर आहे. ‘तवीला’ म्हणजे जनावर बांधावयाची लांब दोरी. दोरीचेच नाव ठाणाला आणि ठाणाचे इमारतीला मिळाले. गाईच्या विष्ठेला शेण आणि घोड्याच्या विष्ठेला लीद, इतक्या खालपर्यंत ही विभागणी गेली आहे. ‘घोडा’ हा शब्द स्वतः ‘घोटक’ पासून आलेला, म्हणजे देशी घरचा. परंतु त्याच्या अंगावर जे काही चढले व ज्याने तो बांधला गेला ते बहुतांशी लष्करी आणि दरबारी भाषेतून आले.

तबेल्याच्या मुळाशी दोरी आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. मराठा लष्करात घोडा सरकारी पागेतील असो वा शिलेदाराच्या मालकीचा असो, त्याला जागेवर ठेवण्याची रीत बांधण्याची होती, कुंपण घालण्याची नव्हे. पुढच्या बाजूस आगाडी, मागच्या पायांस पिछाडी, आणि दोन्ही मेखांना आवळलेल्या. छावणी रोज हलणारी असल्यावर दुसरे काही शक्यही नव्हते. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणच्या बाजूस पावसाळ्यासाठी राहिलेल्या लष्करास लिहिलेले पत्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्यातील काळजीचा भर वैरण आणि दाणा पावसाळाभर पुरवून वापरण्यावर, आणि गवताच्या गंजींना आग लागू न देण्यावर आहे. घोडे चरावयास सोडण्याची कुरणे होती. परंतु कुरणाबरोबर येणारे क्रियापद ‘राखणे’ हे आहे. कुरण माणसे राखीत, कुंपण नव्हे.

तात्पर्य असे की, मराठीच्या अश्वपरिभाषेत कुंपण नाही आणि कुंपणाच्या परिभाषेत घोडा नाही. शतकानुशतके या दोन शब्दसमूहांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. आज शेतघराच्या मालकाने घोडा मोकळा सोडावयाचे ठरविले, की ती गाठ प्रथमच पडते. आणि ज्या घरात कुंपण तयार होते त्या घरातूनच, म्हणजे गुरांच्या घरातून, ते उचलले जाते. येथेच खरी अडचण सुरू होते.

काटेरी तार ही वईची थेट वारस आहे, असे म्हणणे अलंकारिक नव्हे. अमेरिकेच्या गवताळ मुलुखात लाकूड व दगड दोन्ही दुर्मिळ असल्याने तेथील शेतकरी काटेरी झाडांच्या वया लावीत. १८६८ साली मायकेल केली याने तारेत काटे बसविण्याचे एकस्व घेतले तेव्हा त्याच्यापुढे काटेरी वईचाच नमुना होता. १८७४ मध्ये इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन याने दोन तारा एकमेकींवर पिळून काटा मध्ये पक्का धरण्याची युक्ती काढली आणि ही तार जगभर पसरली. मराठीत तिला ‘काटेरी तार’ हे नाव अनायासे मिळाले, कारण काट्याने जनावर अडवावयाचे ही कल्पना येथे जुनीच होती. ही कल्पना बैलाच्या आणि म्हशीच्या बाबतीत बरीचशी खरी ठरते. कातडे जाड, चाल संथ. काटा टोचला की जनावर मागे सरते आणि पुन्हा तिकडे जाताना विचार करते.

घोडा विचार करीत नाही, तो पळतो. पळणे हेच त्याचे संरक्षण आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांस असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते. तथापि नाकाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे त्याच्या दृष्टीचा अंध भाग राहतो. दचकलेला घोडा भरधाव निघाला म्हणजे बारीक तार त्याच्या नजरेस येते तेव्हा थांबण्यास अवधी उरलेला नसतो. तारेत पाय अडकला तर गाय पुष्कळदा उभी राहते. घोडा पाय ओढून घेण्यासाठी झुंजतो आणि प्रत्येक हिसक्याबरोबर काटा खोल जातो. गुडघ्याखाली त्याच्या पायात मांसल भाग नाही. कातड्याखाली लगेच स्नायुबंध आणि हाड. तेथील जखम सावकाश भरते, पुष्कळदा तीवर फाजील मांस वाढते, आणि स्नायुबंध तुटला असल्यास जनावर कायमचे निकामी होते. त्यातच पाळीव जनावरांत धनुर्वाताचा धोका सर्वांत अधिक घोड्यास असतो आणि त्या रोगाचे बीज लीद पडलेल्या मातीत हटकून असते. लस टोचून हा धोका टळतो हे खरे. परंतु लसीने स्नायुबंध सांधत नाही.

यावरून घोड्याच्या कुंपणाचे पहिले लक्षण निघते. ते टोचणारे नव्हे, दिसणारे असले पाहिजे. दुसरे लक्षण : ते गुळगुळीत असावे आणि त्यात खूर अडकेल अशी फट नसावी. तिसरे : घोडा अंग घासतो, मान बाहेर काढून पलीकडचे गवत खातो आणि टेकतो, तेव्हा हे ओझे सहन करण्याइतके ते भक्कम असावे. घोड्यास दिसते ते सर्व रंगांनी नव्हे, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. निळा व पिवळा यांतला फरक त्याला कळतो. तांबडा, नारिंगी आणि हिरवा हे रंग त्याच्या डोळ्यांस एकमेकांत मिसळलेले दिसतात. ब्रिटनमधील शर्यतींच्या अडथळ्यांवर पूर्वी नारिंगी पट्ट्या असत; एक्सेटर विद्यापीठात झालेल्या अभ्यासातून घोड्यांना त्या नीट दिसत नाहीत असे आढळल्यावर त्यांच्या जागी पांढऱ्या पट्ट्या आणण्यात आल्या. आपल्याकडे लोखंडी नळास प्रथम तांबडा गंजरोधक रंग देतात आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम थांबते. श्रावणातल्या हिरव्या गवतापुढे असा नळ माणसास उठून दिसतो, घोड्यास दिसत नाही. त्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात फिरविणे हा सर्व खर्चांतला सर्वांत हलका आणि सर्वांत फायद्याचा खर्च होय.

अशा कुंपणाचा नमुना मराठी मुलुखात नाहीच काय? आहे, परंतु तो कुंपणात नसून फाटकात आहे. दक्षिण कोकणात घराच्या आवाराच्या वाटेवर दोन खांब रोवून, त्यांना भोके पाडून, त्यांतून बांबूचे तीन-चार आडवे दांडे सरकवितात. त्यास ‘बेडे’ म्हणतात. माणसास दांडा सरकवून आत जाता येते. गुरास येत नाही. बेडे टोचत नाही. आडव्या, जाड, लांबून दिसणाऱ्या दांड्यांनी ते अडविते. शर्यतीच्या मैदानावरील कठडे आणि मोठ्या अश्वपैदास केंद्रांची आवारे ज्या तत्त्वावर उभी असतात ते तत्त्व हेच. वईचा मोह सोडून बेडे सभोवार फिरविले म्हणजे घोड्याचे कुंपण होते.

मोजमापे थोडक्यात अशी. मध्यम बांध्याच्या घोड्यास साडेचार ते पाच फूट उंची पुरते. नर घोडा राखावयाचा असल्यास ती सहा फुटांपर्यंत न्यावी. आडवे दांडे तीन किंवा चार, सर्वांत खालचा जमिनीपासून सुमारे एक फूट वर. आवारात शिंगरू असेल तर खालच्या दोन दांड्यांमधील अंतर कमी करावे, कारण शिंगरू झोपेत लोळत लोळत बाहेर जाते आणि मग आईकडे परतण्याची वाट त्यास सापडत नाही. खांबांत सुमारे आठ फुटांचे अंतर, आणि खांब अडीच ते तीन फूट जमिनीत. दांडे खांबाच्या आतल्या अंगास, म्हणजे घोड्याच्या बाजूस, बसवावेत. बाहेरून बसविले तर घोडा टेकताच खिळे उपटतात. आवाराचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर किंवा तिरके घ्यावेत. दोन घोड्यांत दुबळा असतो तो कोपऱ्यात सापडतो आणि लाथा खातो.

खर्चाचा विचार करताना प्रथम साहित्याकडे पाहण्याची सवय आहे. वस्तुतः प्रथम आकृतीकडे पाहावे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ४३,५६० चौरस फूट. हे क्षेत्र चौरस असेल तर त्याचा घेर सुमारे ८३५ फूट होतो. तेच क्षेत्र शंभर फूट रुंदीच्या पट्टीत असेल तर घेर सुमारे १,०७१ फूट भरतो. जमीन तितकीच, पण कुंपण २३६ फुटांनी अधिक. आठ फुटांवर खांब धरला तर पहिल्या आकृतीस सुमारे १०५ खांब लागतात, दुसरीस १३४. तीन दांड्यांच्या हिशेबाने चौरसास अडीच हजार फूट दांडा लागेल, पट्टीस तीन हजार दोनशेहून अधिक. वाटण्यांमुळे येथील जमिनींच्या पट्ट्या अरुंद झाल्या आहेत. तेव्हा संपूर्ण पट्टी कुंपणाने वेढण्यापेक्षा तिच्यातील चौरसाकार तुकडा निवडून तेवढाच नीट बंदिस्त करणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

साहित्याची परीक्षा येथील हवेत करावयाची आहे, हे विसरून चालत नाही. या पट्ट्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि डोंगराच्या कुशीत त्याहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो. खाडीवरून खारा वारा येतो. वाळवी बारमाही आहे. जमीनही एकसारखी नाही. डोंगराच्या पायथ्याशी हातभर खणले की मुरूम किंवा काळा पाषाण लागतो आणि खड्डा पाडणे हेच मोठे काम होते. खाडीकाठच्या जुन्या खारजमिनीत याच्या उलट, खड्डा सहज पडतो, पण चिकण गाळ पावसात फुगतो, उन्हात भेगाळतो आणि खांब दोन वर्षांत कलतात. अशा ठिकाणी कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना टेकू दिल्यावाचून गत्यंतर नाही.

लाकडात सागाचा आणि खैराचा गाभा टिकाऊ खरा, परंतु हे दोन्ही वृक्ष १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्याच शेतातले झाड असले तरी परवानगी लागते. खाडीतील तिवराच्या खुंट्या वापरण्याचा विचारही करू नये. तिवर त्याच अनुसूचीत आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खारफुटी तोडण्यास कडक मनाई केली आहे. सुरूचे वासे बांधकामावर मुबलक मिळतात आणि स्वस्तही असतात, परंतु जमिनीत पुरलेला भाग थोड्याच पावसाळ्यांत कुजतो. बांबूची गोष्ट त्याहून अवघड. आडवा दांडा म्हणून तो चांगला. पण पुरलेला खांब म्हणून एक-दोन पावसाळ्यांचा सोबती, आणि फुटला की त्याची चीर सुरीसारखी धारदार होते. म्हणून खांब सिमेंटचा आणि दांडा सबंध बांबूचा किंवा सुरूचा, असा संयोग अल्प खर्चात बसतो. दांडे दोन-तीन वर्षांनी बदलता येतात, खांब राहतात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळाले तर मोह होईल, पण ते क्रिओसोटात मुरलेले असतात. आर्सेनिकयुक्त द्रावणात मुरविलेल्या लाकडाचेही तसेच. घोडा लाकूड चावतो, म्हणून ही दोन्ही त्याच्या तोंडाशी नसावीत.

जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ महाग वाटतो. येथे मराठीतील दोन शब्दांचा भेद उपयोगी पडतो. ‘स्वस्त’ हे विशेषण खरेदीच्या दिवसाचे आहे. ‘परवडणारे’ हे पुढच्या अनेक वर्षांचे. कुंपणाची किंमत दर फुटास किती, एवढे विचारून थांबू नये. दर फुटास दर वर्षी किती, असे विचारावे. दुप्पट किमतीचे कुंपण चौपट काळ टिकले तर ते निम्म्या किमतीस पडले. जुना नळ भंगारातून निवडून घेता येतो. फक्त त्याची कापलेली तोंडे बंद करावीत, नाहीतर आत पाणी शिरून तो आतूनच गंजतो. खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात जोडाचे ठिकाण प्रथम जाते, म्हणून जोडकामावर रंगाचा हात दरसाल फिरवावा लागतो.

जाळीबाबत दोन शब्द. सर्वत्र दिसणारी चौकटीदार विणीची जाळी घोड्यास फारशी योग्य नाही. तिचे वरचे टोक अणकुचीदार असते आणि घोड्याने खूर मारला की ती वाकते. जाळीच हवी असेल तर जिची भोके खुरापेक्षा लहान, म्हणजे दोन इंच बाय चार इंचांच्या बेताची आहेत, अशी घ्यावी आणि तिच्या माथ्यावर एक पांढरा दांडा द्यावा. दगड जवळ असल्यास गडगा हे उत्तम कुंपण आहे. तो दिसतो, टिकतो, टोचत नाही. त्याची मजुरी मात्र आज दगडाहून महाग आहे.

वनस्पतींची वई सर्वांत स्वस्त, पण येथे विशेष सावधगिरी पाहिजे. कण्हेर बागेच्या कडेला शोभते. तिची थोडीशी पाने घोड्याचे हृदय बंद पाडण्यास पुरतात, आणि वाळलेली पानेही तितकीच विषारी असतात. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा जातो. मोगली एरंड गुरे खात नाहीत म्हणून कुंपणास लावतात. गुरे ते का खात नाहीत याचा विचार घोड्याच्या मालकाने करावा. या तिन्ही वनस्पती मराठी कुंपणात पिढ्यान्‌पिढ्या निर्वेध नांदल्या, कारण आत पीक होते. आत जनावर आले की त्याच वनस्पतीचा अर्थ बदलतो.

विजेच्या कुंपणाविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. नियमानुसार बनविलेले यंत्र सेकंदाला सुमारे एक अत्यंत क्षणिक झटका देते. तो भय दाखवितो, इजा करीत नाही. घरातील वीजपुरवठ्याची तार थेट कुंपणास जोडणे ही निराळीच गोष्ट आहे. तो गुन्हा आहे आणि त्यामुळे राज्यात शेतकरी, मजूर व जनावरे यांचे प्राण गेले आहेत. यंत्रावरील कुंपणात बारीक तारेऐवजी रुंद पांढरी पट्टी वापरावी, म्हणजे ती दिसते. तिचा उपयोग आवाराचे आतील भाग पाडण्यासाठी उत्तम; बाहेरची हद्द एकट्या तिच्यावर सोपवू नये. पावसाळ्यात गवत वाढून पट्टीस टेकले की झटका जमिनीत मुरतो, म्हणून तिच्याखालचे गवत पंधरवड्याने कापावे लागते.

ज्याच्या शेतास काटेरी तार आधीच आहे त्याने ती उपटून टाकावी, असे नव्हे. मोकाट गुरे बाहेर ठेवण्याचे तिचे काम ती करीत राहील. तिच्या आत पाच-सहा फूट जागा सोडून दांड्यांची अथवा पांढऱ्या विद्युत्‌पट्टीची दुसरी ओळ उभी करावी. काटेरी तारेत वीज मात्र कधीही सोडू नये. अडकलेल्या जनावरास तीतून सुटता येत नाही. अशा रचनेत बाहेरची ओळ वईचे काम करते आणि आतली बेड्याचे. मधली पट्टी चाकरीच्या माणसास फिरावयास व गवत कापावयास उपयोगी पडते. एका ओळीकडून दोन्ही कामे करून घेण्याच्या हट्टापायीच बहुतेक अपघात घडतात.

फाटक दहा ते बारा फूट रुंद असावे, म्हणजे गवताची गाडी आत जाते. ते कोपऱ्यात नसावे आणि आतल्या बाजूस उघडावे. फाटक आणि खांब यांच्यामध्ये मान किंवा खूर जाईल इतकी फट राहता कामा नये. कडी अशी हवी की ती ओठांनी उचलता येणार नाही. पुष्कळ घोडे हे काम आठवड्याभरात शिकतात. दाण्याच्या वेळी सगळी जनावरे फाटकाशीच येऊन उभी राहतात आणि पावसाळ्यात तेथे गुडघाभर चिखल होतो. त्यामुळे खूर सडतात आणि फाटकाचे खांब सैल पडतात. म्हणून मृगापूर्वी फाटकाच्या आतबाहेर दहा-पंधरा फुटांपर्यंत खडी घालून वर मुरूम दाबून घ्यावा आणि पाणी बाजूच्या चरात काढून द्यावे.